संगणकीय निर्देशिका सेवेतील संघटनात्मक घटकांचे विलोपन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोणत्याही संस्थेच्या इतिहासात एखादा विभाग केव्हा सुरू झाला याची नोंद ठळकपणे आढळते. तो केव्हा, का व कोणाच्या निर्णयाने बंद झाला याची नोंद मात्र क्वचितच सापडते. प्रारंभाची कोनशिला बसविली जाते. बंद झालेल्या विभागाचे दप्तर एखाद्या कपाटात जाऊन पडते आणि पुढे एखाद्या जिज्ञासू अभ्यासकाच्या हाती लागले तरच त्या विभागाचा मागमूस लागतो. संगणकीय व्यवस्थेत ही शक्यताही उरत नाही. तेथे दप्तर कपाटात पडून राहत नाही. एका आज्ञेसरशी विभाग, त्यातील माणसांची खाती आणि त्यांचे अधिकार एकाच वेळी नाहीसे होऊ शकतात.

अनेक महाविद्यालये, विद्यापीठे, बँका व शासकीय कार्यालये यांच्या अंतर्गत संगणक जाळ्यात 'निर्देशिका सेवा' नावाची एक यंत्रणा कार्यरत असते. आपण संगणकासमोर बसून नाव व पासवर्ड लिहितो तेव्हा ते तपासणारी, कोणाला कोणता प्रिंटर व कोणते फोल्डर खुले आहे हे ठरविणारी ही यंत्रणा होय. या निर्देशिकेत माणसांच्या नोंदी सरसकट एका यादीत नसतात. त्या विभागवार कप्प्यांत लावलेल्या असतात. या कप्प्यांना 'ऑर्गनायझेशनल युनिट' म्हणजे संघटनात्मक घटक असे म्हणतात. असा घटक निर्माण करणे सोपे आहे. तो हटविणे हे मात्र गेल्या चार दशकांत संगणकशास्त्रज्ञांना, उत्पादक कंपन्यांना व प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांना सातत्याने सतावणारे कोडे ठरले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या कोड्याचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) निर्देशिका सेवेतील संघटनात्मक घटक या संकल्पनेचा उगम व विकास समजून घेणे.
२) घटकाच्या विलोपनाविषयीचे नियम काळानुरूप कसे बदलत गेले याचा अभ्यास करणे.
३) विलोपनानंतर 'स्मृती' टिकवून ठेवण्याच्या तांत्रिक उपायांचा आढावा घेणे.
४) शैक्षणिक संस्थांच्या कारभाराच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आंतरराष्ट्रीय मानके, संशोधकांचे प्रसिद्ध झालेले लेख आणि उत्पादक कंपन्यांची तांत्रिक माहितीपत्रके हा त्याचा आधार आहे. विषय तांत्रिक असला तरी विवेचन सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांना समजेल अशा भाषेत ठेवले आहे.

१. संकल्पनेचे स्वरूप :

निर्देशिका ही उलट्या झाडासारखी असते. वर मूळ, त्याखाली संस्था, संस्थेखाली विभाग, विभागाखाली उपविभाग आणि अगदी टोकाला पानांप्रमाणे माणसे, संगणक व प्रिंटर यांच्या नोंदी. टपालाच्या पत्त्यात जसे नाव, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असे क्रमाने येते, तसेच प्रत्येक नोंदीचे पूर्ण नाव त्या नोंदीपासून मुळापर्यंतच्या वाटेने बनते. म्हणजे माणसाच्या नावातच त्याच्या विभागाचे नाव गुंफलेले असते.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, घटक हा केवळ वर्गीकरणाचा कप्पा राहत नाही. तो अधिकाराचा व नियमांचा वाहक बनतो. विभागाला लागू केलेला नियम त्याखालील सर्वांना लागू होतो, आणि विभागापुरता कारभार एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपविता येतो. दुसरी गोष्ट अशी की, घटक हटवायचा झाल्यास आत असलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न अटळपणे उभा राहतो. फांदी तोडली तर पाने कुठे जातील? या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली गेली, आणि ती उत्तरे हाच या निबंधाचा विषय आहे.

२. पूर्वपीठिका : क्लिअरिंगहाउस आणि 'मृत्यूचा दाखला' :

या इतिहासाचा प्रारंभ झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळांत होतो. डेरेक ओपेन व योगेन दलाल यांनी 'क्लिअरिंगहाउस' या निर्देशिका सेवेचे वर्णन करणारा लेख १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. या सेवेत प्रत्येक नावाचे तीन भाग होते : स्थानिक नाव, क्षेत्र आणि संस्था. म्हणजे संस्थेचा उल्लेख नावातच करण्याची पद्धत तेव्हाच रूढ होऊ लागली होती. ही निर्देशिका एका यंत्रावर नव्हती. तिच्या प्रती अनेक सर्व्हरांवर ठेवलेल्या होत्या, जेणेकरून एक यंत्र बंद पडले तरी काम अडू नये.

परंतु अनेक प्रती आल्या की विलोपनाचा प्रश्न अवघड होतो. समजा, एका प्रतीतून एक नोंद काढून टाकली. दुसऱ्या प्रतीत ती अद्याप शिल्लक आहे. दोन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात तेव्हा यंत्राला दिसते की, एकीकडे नोंद आहे, दुसरीकडे नाही. ती नुकतीच काढली गेली की नव्यानेच दाखल झाली, हे केवळ अभावावरून कळू शकत नाही. परिणामी काढलेली नोंद पुन्हा सर्वत्र पसरते.

अ‍ॅलन डेमर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या समस्येवर उपाय मांडला. काढलेल्या नोंदीच्या जागी वेळेचा शिक्का असलेला 'मृत्यूचा दाखला' ठेवावा, असा तो उपाय होता. जुनी प्रत या दाखल्याशी गाठली की ती रद्द होते. मात्र दाखले कायमचे जपणे परवडणारे नाही. म्हणून ते ठरावीक काळ, उदाहरणार्थ ३० दिवस, ठेवून नंतर टाकून द्यावेत, असा पर्याय त्यांनी चर्चिला आणि त्यातील धोकाही नोंदविला : त्या मुदतीपेक्षा अधिक काळ संपर्काबाहेर राहिलेली प्रत परत आली तर मृत नोंद पुन्हा जिवंत होऊ शकते.

विलोपन ही 'काहीही नसणे' अशी अवस्था नाही, तर ती स्वतःच एक नोंद आहे, हा विचार येथे स्पष्टपणे दिसतो. जन्माइतकीच मृत्यूचीही नोंद व्हावी लागते, हे ग्रामपंचायतीच्या दप्तराला पूर्वापार माहीत असलेले तत्त्व संगणकशास्त्राला १९८७ मध्ये नव्याने मांडावे लागले.

३. एक्स.५०० व एलडॅप : 'आधी रिकामे करा' :

दूरसंचार क्षेत्रातील सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने १९८८ मध्ये 'एक्स.५००' ही मानकांची मालिका स्वीकारली. साऱ्या जगाची एकच निर्देशिका असावी, असे तिच्यामागील स्वप्न होते. देश, संस्था, संघटनात्मक घटक व व्यक्ती अशी उतरंड या मानकाने रूढ केली. आज वापरात असलेली 'संघटनात्मक घटक' ही संज्ञा येथूनच प्रस्थापित झाली.

विलोपनाबाबत या मानकाची भूमिका अत्यंत सावध होती. नोंद काढण्याची क्रिया केवळ 'पानावर', म्हणजे ज्याखाली दुसरी कोणतीही नोंद नाही अशा नोंदीवरच करता येईल, असा नियम होता. विभाग काढायचा असेल तर आधी त्यातील प्रत्येक नोंद हलवावी किंवा काढावी आणि मग रिकामा विभाग काढावा.

मिशिगन विद्यापीठात या अवजड मानकाकडे जाणारी एक हलकी वाट तयार झाली. ती म्हणजे 'एलडॅप'. वेंगयिक योंग, टिम हाउज व स्टीव्ह किल यांच्या नावे तिचे पहिले विवरण जुलै १९९३ मध्ये 'आरएफसी १४८७' म्हणून प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९९७ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली आणि जून २००६ मध्ये ती 'आरएफसी ४५११' म्हणून सुधारून प्रसिद्ध झाली. या साऱ्या प्रवासात विलोपनाचा नियम बदलला नाही. आत नोंदी असलेला घटक काढू पाहिल्यास सर्व्हर ६६ क्रमांकाचा निकाल देतो. त्याचा अर्थ, 'पान नसलेल्या नोंदीवर ही क्रिया करण्यास परवानगी नाही.'

हा नियम गैरसोयीचा होता, यात शंका नाही. परंतु त्या गैरसोयीतच संरक्षण दडलेले होते. विभाग रिकामा करताना कारभाऱ्याला प्रत्येक नोंदीसमोर क्षणभर थांबावे लागे.

४. नॉव्हेल आणि 'मृत्युलेख' :

मानक कागदावरून कार्यालयात आणण्याचे मोठे काम नॉव्हेल कंपनीने केले. तिच्या नेटवेअर या प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक सर्व्हरची स्वतंत्र, सपाट यादी असे. तिला 'बाइंडरी' म्हणत. पाच सर्व्हर वापरणाऱ्या व्यक्तीची पाच ठिकाणी पाच खाती उघडावी लागत. १९९३ मध्ये आलेल्या नेटवेअर ४.० ने एक्स.५०० च्या धर्तीवर वृक्षाकार निर्देशिका आणली आणि संघटनात्मक घटक हा शब्द कार्यालयीन संगणक व्यवस्थापकांच्या रोजच्या बोलण्यात आला.

या निर्देशिकेच्याही अनेक प्रती असत. त्यामुळे विलोपनाची वार्ता सर्व प्रतींपर्यंत पोहोचविण्यासाठी काढलेल्या नोंदीला 'ऑबिच्युअरी', म्हणजे मृत्युलेख, जोडला जाई. सर्व संबंधित सर्व्हरांना वार्ता पोहोचल्याची खात्री टप्प्याटप्प्याने झाल्यावरच ती नोंद पूर्णतः साफ होई. मृत्यूचा दाखला, मृत्युलेख आणि पुढे येणारी समाधिशिला ही शब्दमालिका विचार करण्याजोगी आहे. वेगवेगळ्या संस्थांतील अभियंत्यांना विलोपनासाठी शब्द शोधताना स्मशानाचीच भाषा सापडली.

५. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी : संपूर्ण फांदी एका आज्ञेत :

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी ४.० (१९९६) मध्ये 'डोमेन' होते, पण डोमेनच्या आत कप्पे नव्हते. खात्यांची यादी सपाट असे. कारभाराची विभागणी करावयाची झाल्यास नवे डोमेन उभारावे लागे. १७ फेब्रुवारी २००० रोजी बाजारात आलेल्या विंडोज २००० ने ही मर्यादा दूर केली. त्यातील 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी' या सेवेत संघटनात्मक घटक हा कारभार सोपविण्याचा व 'ग्रुप पॉलिसी' नावाचे सामूहिक नियम लागू करण्याचा पाया ठरला. अनेक संस्थांनी जुनी डोमेने मोडून त्यांच्या जागी घटक निर्माण केले.

घटकांची संख्या वाढली तसे ते मोडण्याचे प्रसंगही वाढले. विभाग एकत्र होतात, शाखा बंद पडतात, नावे बदलतात. प्रत्येक वेळी घटक रिकामा करत बसणे कंटाळवाणे होते. यावर मायक्रोसॉफ्टने एलडॅपच्या मूळ आज्ञेला एक जोड दिली. तिला 'ट्री डिलीट' म्हणतात. ही जोड वापरली असता घटक व त्याखालील सर्व नोंदी एकाच विनंतीत काढता येतात. ती आरएफसीच्या मानकात समाविष्ट झाली नाही. परंतु व्यवहारात तिचा वापर सर्रास होऊ लागला. व्यवस्थापकाच्या पडद्यावर 'या घटकात इतर नोंदी आहेत' अशी सूचना येई आणि 'होय' म्हटले की फांदी पानांसकट जाई.

येथे अधिकाराचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. 'उपवृक्ष काढण्याचा अधिकार' हा स्वतंत्र अधिकार असून, तो ज्याच्याकडे आहे त्याला घटकाखालील नोंदी त्या नोंदींवरील स्वतंत्र परवानग्या विचारात न घेता काढता येतात. म्हणजे घटकावर अधिकार असलेल्यास आतील माणसांवर वेगळा अधिकार असण्याची गरज उरत नाही. एक्स.५०० च्या काळातील 'आधी रिकामे करा' हा नियम अशा रीतीने बाजूस पडला. सोय वाढली आणि थांबून विचार करण्याचा क्षण नाहीसा झाला.

६. समाधिशिलेचा काळ :

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतही काढलेली नोंद तत्काळ नष्ट होत नाही. तिचे नाव बदलून ती एका दडलेल्या कप्प्यात हलविली जाते आणि तिच्यावरील बहुतेक माहिती पुसली जाते. उरते ते थोडेसे : तिचा अंतर्गत क्रमांक, सुरक्षा ओळख क्रमांक अशा मोजक्या गोष्टी. या अवशेषाला 'टूमस्टोन', म्हणजे समाधिशिला, असे नाव आहे. हाच झेरॉक्सच्या मृत्यूच्या दाखल्याचा वारसा होय. समाधिशिलेची मुदत प्रारंभी ६० दिवस होती. २००५ मध्ये आलेल्या विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्याने उभारलेल्या व्यवस्थांसाठी ती १८० दिवस करण्यात आली. या मुदतीहून जुना बॅकअप वापरता येत नाही, कारण त्यातून मृत नोंदी परत जिवंत होण्याचा धोका असतो. १९८७ मध्ये वर्तविलेला धोका तो हाच.

घटकाच्या विलोपनात आणखी एक विचित्र प्रसंग संभवतो. एका सर्व्हरवर एक व्यवस्थापक घटक काढत आहे आणि त्याच सुमारास दुसऱ्या गावातील सर्व्हरवर दुसरा व्यवस्थापक त्याच घटकात एका नव्या कर्मचाऱ्याचे खाते उघडत आहे. दोन्ही सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा त्या खात्याचे घर नाहीसे झालेले असते. अशा निराधार नोंदी 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात ठेवल्या जातात. तसेच, घटकाला जोडलेले सामूहिक नियम घटकाबरोबर नष्ट होत नाहीत. फक्त त्यांचा घटकाशी असलेला दुवा तुटतो व नियम कोणालाही लागू न होता पडून राहतात.

चुकून गेलेला घटक परत आणण्याचा प्रारंभीचा मार्ग कष्टाचा होता. एक सर्व्हर विशेष अवस्थेत सुरू करून, त्यावर जुना बॅकअप चढवून, परत हव्या असलेल्या नोंदींना 'ह्याच खऱ्या' असे जाहीर करावे लागे. त्यासाठी यंत्र त्या नोंदींचा आवृत्ती क्रमांक बॅकअपच्या प्रत्येक दिवसामागे १,००,००० ने वाढविते, जेणेकरून इतर प्रतींतील मृत्यूची नोंद त्यापुढे कनिष्ठ ठरावी. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये समाधिशिलेतून नोंद उठविण्याची सोय आली, परंतु पुसली गेलेली माहिती व गटांची सदस्यत्वे त्यातून परत येत नसत.

७. एक अनुभव :

या विवेचनाला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका प्रसंगाची जोड देणे उचित वाटते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात दोन विभागांचे एकत्रीकरण झाले. प्राध्यापकांची खाती नव्या घटकात हलविण्यात आली आणि जुना घटक 'आता रिकामाच आहे' असे समजून काढण्यात आला. त्यात प्रयोगशाळा साहाय्यकांची व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांची खाती एका उपघटकात तशीच होती. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. सकाळी एकाही विद्यार्थ्याला लॉग-इन करता येईना.

बॅकअप जुना होता. म्हणून घाईघाईने त्याच नावांनी नवी खाती उघडण्यात आली. लॉग-इन झाले, परंतु विद्यार्थ्यांना आपले प्रकल्पाचे फोल्डर उघडता येईना. "सर, नाव तर माझेच आहे, मग माझेच फोल्डर मला परवानगी नाही असे का म्हणते?" असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. त्याचे उत्तर या यंत्रणेच्या गाभ्याशी आहे. यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही. ते सुरक्षा ओळख क्रमांकाने ओळखते. तेच नाव देऊन नवे खाते उघडले तरी क्रमांक नवा असतो. यंत्राच्या दृष्टीने ती विद्यार्थिनी अनोळखी होती. परवानग्या पुन्हा देण्यात दुपार गेली, परीक्षा सायंकाळपर्यंत लांबली आणि बाहेरगावाहून येणाऱ्या काही मुलींची शेवटची एसटी चुकली.

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. एकत्रीकरणाचा ठराव रीतसर झाला होता. मात्र घटक कोणी काढावा, आत कोण आहे हे कोणी तपासावे आणि केव्हा काढावा, याविषयी त्या ठरावात एक शब्दही नव्हता. तो निर्णय प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याच्या बोटावर सोडून दिला गेला होता.

८. पुन्हा अडथळ्याकडे :

असे प्रसंग अपवादात्मक नसावेत, हे मायक्रोसॉफ्टने पुढे योजलेल्या उपायांवरूनच दिसून येते. २००८ मध्ये आलेल्या विंडोज सर्व्हर २००८ मध्ये 'चुकून होणाऱ्या विलोपनापासून संरक्षण' असा एक चौकोन व्यवस्थापकाच्या पडद्यावर आला. नवा घटक निर्माण करताना त्यावर आधीच खूण केलेली असते. ही खूण म्हणजे प्रत्यक्षात 'सर्वांना' लागू होणारा नकार होय : नोंद काढण्यास व उपवृक्ष काढण्यास मनाई. ज्याला घटक काढावयाचा आहे त्याने आधी पडद्यावरील प्रगत दृश्य सुरू करावे, घटकाच्या गुणधर्मांत जाऊन खूण पुसावी आणि मगच काढण्याची आज्ञा द्यावी. सर्वोच्च अधिकार असलेल्या व्यवस्थापकालाही हा फेरा चुकत नाही. पूर्वीपासून असलेल्या घटकांना मात्र हे संरक्षण आपोआप मिळाले नाही. ते हाताने द्यावे लागले.

२००९ मध्ये विंडोज सर्व्हर २००८ आर२ बरोबर 'रिसायकल बिन' आली. ती सुरू केलेली असल्यास काढलेली नोंद आपल्या साऱ्या माहितीसह व गटांच्या सदस्यत्वासह ठरावीक मुदतीपर्यंत जपली जाते. नव्या व्यवस्थांत ही मुदत सामान्यतः १८० दिवसांची असते. ती आपोआप सुरू नसते, आणि एकदा सुरू केल्यावर बंद करता येत नाही. प्रारंभी तिचा वापर आज्ञा लिहूनच करावा लागे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये तिला पडद्यावरील सोपे रूप मिळाले. घटक परत आणताना एक क्रम पाळावा लागतो. आधी वरचा घटक, मग उपघटक आणि शेवटी माणसे. घर उभे असल्याखेरीज माणसांना परत बोलाविता येत नाही.

एक्स.५०० ने रिकामे करण्याची सक्ती करून जो अडथळा ठेवला होता, तो विंडोज २००० ने सोयीसाठी दूर केला आणि आठ वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा आणावा लागला, असे या घडामोडींवरून म्हणता येईल.

९. कप्प्यांविना निर्देशिका :

या इतिहासाचा अगदी अलीकडचा टप्पा अधिक मूलगामी आहे. मायक्रोसॉफ्टची मेघाधारित म्हणजे क्लाउडवरील निर्देशिका, जिला २०२३ मध्ये 'एन्ट्रा आयडी' असे नाव देण्यात आले, तिच्यात संघटनात्मक घटकच नाहीत. खात्यांची यादी पुन्हा सपाट आहे. कारभाराची विभागणी करण्यासाठी 'प्रशासकीय घटक' आहेत, परंतु ते माणसांना आपल्या पोटात घेत नाहीत. एक व्यक्ती एकाच वेळी अनेक प्रशासकीय घटकांची सदस्य असू शकते आणि प्रशासकीय घटक काढला तरी त्यातील व्यक्तींची खाती शाबूत राहतात. काढलेले खाते ३० दिवसांपर्यंत परत आणता येते.

येथे प्रश्नाचे स्वरूपच बदलले. फांदी व पान हे नाते सोडून सभासदत्वाचे नाते स्वीकारले गेले. मंडळ बरखास्त झाले तरी सभासद जिवंत राहतात, ही कल्पना समाजजीवनाशी अधिक जुळणारी आहे. अर्थात, अनेक संस्थांत जुनी वृक्षाकार निर्देशिका आजही कार्यरत आहे. म्हणून विलोपनाचा प्रश्न इतिहासजमा झाला असे मानता येत नाही.

१०. चर्चा :

वरील विवेचनातून एक विरोधाभास पुढे येतो. एका बाजूने विलोपन सोपे असू नये, अशी अपेक्षा आहे. दुसऱ्या बाजूने विलोपन शक्यच नसणे हेही योग्य नव्हे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. संस्था सोडून गेलेल्या व्यक्तीचे खाते वर्षानुवर्षे उघडे राहणे हा सुरक्षिततेला धोकाही आहे. मृत्यूचा दाखला अनंतकाळ जपता येत नाही आणि लगेच फाडूनही टाकता येत नाही. ६०, १८० किंवा ३० दिवस हे आकडे म्हणजे स्मरण व विस्मरण यांच्यात केलेली तडजोड होय. ही तडजोड आपल्या संस्थेत किती दिवसांची आहे, हे किती प्राचार्यांना व विभागप्रमुखांना माहीत असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा आहे. विभाग बंद करण्याचा निर्णय व्यवस्थापन मंडळ घेते. निर्देशिकेतील घटक काढण्याची कृती तंत्रज्ञ करतो. या दोहोंमध्ये कोणताही लेखी दुवा नसतो. चूक झाल्यास दोष तंत्रज्ञाच्या माथी येतो, परंतु आत कोण राहिले आहे हे सांगण्याची जबाबदारी मुळात निर्णय घेणाऱ्यांची असते.

निष्कर्ष :

१) संघटनात्मक घटकाचे विलोपन ही स्वतःच जपून ठेवावी लागणारी नोंद आहे, हे तत्त्व १९८७ पासून संगणकशास्त्रात मान्य झालेले आहे.
२) एक्स.५०० व एलडॅप यांनी घटक आधी रिकामा करण्याची सक्ती केली. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने ती शिथिल केली आणि २००८ नंतर संरक्षणाची खूण व रिसायकल बिन यांद्वारे तिची भरपाई केली.
३) त्याच नावाने खाते पुन्हा उघडल्याने जुनी ओळख परत येत नाही, म्हणून पुनर्निर्मिती हा पुनर्प्राप्तीचा पर्याय होऊ शकत नाही.
४) मेघाधारित निर्देशिकेत कप्प्याऐवजी सभासदत्वाचे नाते स्वीकारल्याने घटकाचे विलोपन आतील व्यक्तींसाठी घातक ठरत नाही.
५) शैक्षणिक संस्थांनी विभाग बंद करण्याच्या वा एकत्र करण्याच्या ठरावातच निर्देशिकेतील घटकाचे काय करावयाचे, आतील नोंदींची यादी कोणी प्रमाणित करावयाची व विलोपन केव्हा करावयाचे, हे नमूद करणे आवश्यक आहे. परीक्षेच्या काळात असे विलोपन टाळावे. घटक आधी रिकामा करून काही आठवडे तसाच ठेवावा आणि कोणाचीही तक्रार न आल्यासच तो काढावा.

समारोप :

चाळीस वर्षांच्या या प्रवासात यंत्रे बदलली, कंपन्यांची नावे बदलली. परंतु 'आत कोणी राहिले आहे का?' हा प्रश्न बदलला नाही. जुन्या वाड्याला कुलूप लावण्यापूर्वी घरातील वडीलधारी मंडळी प्रत्येक खोलीत डोकावून येत असत. निर्देशिकेतील घटक काढण्यापूर्वीही तेवढेच करावयाचे असते. ते काम एका तंत्रज्ञावर न सोपविता संस्थेने आपले म्हणून स्वीकारले, तर प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी एखाद्या विद्यार्थिनीला स्वतःच्याच नावाने परके ठरण्याची वेळ येणार नाही.